मुलाला कशाला टोचायचे?

विद्यार्थी मित्रांनो, मेंडेलचे वाटाणे तुम्हांला ठाऊक आहेत. उंच झाड, बुटके झाड, प्रभावी गुण, अप्रभावी गुण हे सारे आपण परीक्षेत बिनचूक लिहितो. पण काकांना चाळिशीतच हृदयविकाराचा झटका येतो, आजोबाही त्याच वयात गेलेले असतात, आणि आपण म्हणतो, "घराण्यालाच शाप आहे!" वाटाण्याचा नियम त्या वेळी कोणाला आठवत नाही.

काही घराण्यांत हा 'शाप' म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल हा विकार असतो. कोलेस्टेरॉल शरीराला हवेच असते. एलडीएल नावाचे कण ते रक्तातून वाहून नेतात. यकृताच्या पेशींवर 'ग्राहक' असतात, ते हे कण उचलून घेतात. पाचूबंदरच्या धक्क्याला मचवे लागावेत, तसेच हे. या विकारात बहुधा १९ व्या गुणसूत्रावरचे, ग्राहक घडवणारे जनुक सदोष असते. धक्क्याची निम्मी जागा मोडकी, म्हणून मचवे पाण्यातच खोळंबतात. रक्तातले एलडीएल जन्मापासून वाढलेले राहते आणि रोहिण्यांच्या भिंतींत साठत जाते. हे गूढ उकलल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. टेस्टर अशावैद आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत या जनुकातील दोषांचा शोध घेतला आहे.

जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा विकार असतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर होती. तेच प्रमाण इथे धरले, तर चार हजार माणसे होतात. आई-वडिलांपैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. नाणे दर वेळी नव्याने उडते. थोरल्यात दोष आला म्हणून धाकटा सुटत नाही. म्हणून घरात एकाला विकार सापडला, की भावंडांचे आणि मुलांचे रक्त तपासावे असे डॉक्टर सांगतात. इथेच घर आडवे येते.

"पोर काटकुळे आहे, दिवसभर फुटबॉल खेळते. त्याला कशाला टोचायचे? आम्ही वाडीतली भाजी आणि मासे खाणारी माणसे!" हा पहिला आक्षेप. चांगला आहार आणि व्यायाम हवेतच. पण मोडका धक्का पथ्याने दुरुस्त होत नाही. शिवाय लहानपणी काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे रक्त तपासल्यावाचून बहुधा कळतच नाही.

"मोठा झाला की बघू," हा दुसरा. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून एक गुणाकार मांडतो. विजेचे बिल वॅट गुणिले तास यांवर येते. रोहिण्यांचे नुकसानही ढोबळमानाने एलडीएलची पातळी गुणिले वर्षे असे वाढते. १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम एलडीएल असणारा माणूस ४० वर्षांत जो आकडा गाठतो, तोच २०० मिलिग्रॅमवाला मुलगा विसाव्या वर्षी गाठतो. आपण थांबलो, तरी मीटर थांबत नाही.

"मग जन्मभर गोळ्या?" ही भीती रास्त आहे. तिला उत्तर पुराव्यानेच द्यावे. नेदरलँड्समध्ये हा विकार असलेल्या २१४ मुलांच्या गटावर स्टॅटिन औषधाचा प्रयोग झाला. पहिल्या दोन वर्षांत मुलांच्या वाढीवर अनिष्ट परिणाम दिसला नाही. पुढे वीस वर्षांनी त्यांची पाहणी झाली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने गाठलेल्यांचे प्रमाण या मुलांत १ टक्का होते. त्याच विकाराच्या त्यांच्या आई-वडिलांत ते २६ टक्के होते. गोळी सहसा आठ-दहा वर्षांच्या वयापासून देतात. ती केव्हा आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

शेवटचा आक्षेप दबक्या आवाजात येतो : "बाहेर कळले, तर मुलीचे लग्न कसे होईल?" मला वाटते, खरा अडसर हाच आहे. पण तपासणी लपवून जनुक लपत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहे. दोघांतही हाच दोष असला, तर प्रत्येक अपत्यात तो दोन्हीकडून येण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांना बालपणीच हृदयविकार गाठू शकतो. शिवाय गरोदरपणात ही औषधे सहसा थांबवतात, म्हणजे मुलीला आपला विकार आधी ठाऊक असायलाच हवा. लपवण्याची किंमत तीच मोजते.

तेव्हा मित्रांनो, एक काम करा. तीन पिढ्यांची वंशावळ काढा. पुरुषांत ५५ आणि स्त्रियांत ६० वर्षांआधी कोणाला हृदयविकार झाला, तिथे खूण करा. खुणा दिसल्या, तर तो कागद आई-वडिलांना दाखवा आणि आपल्या डॉक्टरांना 'लिपिड प्रोफाइल' तपासणीविषयी विचारा. शिक्षकांना एक विनंती : मेंडेलच्या धड्यानंतर हा गृहपाठ जरूर द्या, पण वर्गात वाचून दाखवायला सांगू नका. तो कागद घरचा आहे.