‘घे’ म्हणजे अप, ‘शी’ म्हणजे विथ

मंडळी, या वीकेंडचा विषय व्याकरणाचा आहे, पण लगेच पळून जाऊ नका. यात नोकरीचा प्रश्न आहे.

सातारा-सांगलीकडची मराठी माध्यमातली पोरं आयटीत येतात, कोडिंगमध्ये कुणाला हार जात नाहीत, आणि क्लायंटच्या कॉलवर मात्र म्यूट करून बसून राहतात. यावर आपल्याकडे एक ठरलेलं निदान आहे: ‘व्होकॅब्युलरी वाढव.’ मला हे साफ चुकीचं वाटतं. वालचंदला ॲडमिशन मिळवणाऱ्या पोराला पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट हे शब्द शाळेपासून येत असतात. अडचण अशी की समोरचा माणूस बोलताना हे शब्द फारसे वापरतच नाही. तो म्हणतो ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’. पुट माहीत आहे, ऑफही माहीत आहे, पण दोन्ही मिळून काय झालं ते कळत नाही. आणि कळेपर्यंत तो पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

आमच्याच टीममधली गोष्ट. विट्याकडचा एक ज्युनिअर, कामाला वाघ. एक रिलीज आठवडाभर पुढे ढकललं होतं. याने क्लायंटला मेल टाकली की रिलीज ‘कॉल्ड ऑफ’ आहे. म्हणजे रद्द! अर्ध्या तासात तिकडचे तीन मॅनेजर कॉलवर हजर. प्रकरण मिटलं, पण पुढचे सहा महिने तो पोरगा प्रत्येक मेल पाठवण्याआधी कुणाला तरी दाखवून घ्यायचा. कोड नाही, मेल! अप्रेझलमध्ये ‘कम्युनिकेशन’समोर काय लिहून आलं असेल ते सांगायला नको.

यावर क्लासवाल्यांकडे उपाय काय, तर पाचशे फ्रेजल व्हर्ब्जची यादी. रोज दहा पाठ करा. हे म्हणजे पाढे पाठ करून इंटिग्रेशन सोडवण्यासारखं आहे.

माझं म्हणणं असं की हे यंत्र आपल्या घरात आधीपासून चालू आहे. ‘बघणे’ घ्या. बघून ये, बघून ठेव, बघत बस. आणि ‘बघून घेतो तुला!’ यात बघण्याचा फारसा संबंध नाही, घेण्याचा तर अजिबात नाही, तरीही साताऱ्याच्या स्टँडवर कुणी असं म्हणालं तर ऐकणाऱ्याला डिक्शनरी लागत नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ईट आणि ईट अपमध्ये. ऐकून घेणं म्हणजे हिअर आउट. उठून दिसणं म्हणजे स्टँड आउट. सोडून देणं म्हणजे गिव्ह अप. आणि ‘बोलून बसला’ यातला तो पस्तावा एवढ्या थोडक्यात पकडणारा जोड मला अजून इंग्रजीत सापडलेला नाही.

वाळंब्यांचं व्याकरण घासलेल्या एमपीएससीवाल्या मित्राला विचारा. तो सांगेल, याला संयुक्त क्रियापद म्हणतात. पहिलं धातुसाधित, दुसरं सहाय्यक. दुसऱ्याने स्वतःचा मूळ अर्थ सोडून पहिल्याला रंग द्यायचा. इंग्रजीत हेच काम वर-खाली-आत-बाहेर दाखवणारे छोटे शब्द करतात. तिथे क्रियापद नाही, क्रियाविशेषण असतं, एवढा फरक. पण ‘टाक’ लागला की काम एकदाचं निकालात निघतं, तसं ‘अप’ लागला की पुष्कळदा पूर्ण होतं: ड्रिंक अप, यूज अप, फिनिश अप. ‘ऑफ’मध्ये दूर सारणं असतं. पुट ऑफमध्ये तारीख दूर सारली. कॉल ऑफ पाठलागावर सोडलेल्या कुत्र्यांसाठीही वापरतात: कुत्री मागे बोलावली, पाठलाग संपला. हे एकदा कळलं की तारीख ढकलणं आणि कामच थांबवणं यांत गल्लत होणार नाही.

आता याच्या पुढची गंमत. ‘तो वर गेला’ यात ‘वर’ क्रियाविशेषण, ‘तो छपरावर गेला’ यात शब्दयोगी अव्यय. हे आपण शाळेत मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरून गेलो. पण इंग्रजीतला ‘टर्न इट ऑफ’ आणि ‘लुक ॲट इट’ हा गोंधळ नेमका इथेच सुटतो. ‘लुक इट ॲट’ का चालत नाही? कारण ॲट म्हणजे आपलं ‘कडे’. दिव्याकडे बघ. ‘कडे’ला दिवा सोडून राहताच येत नाही. आणि टर्न ऑफमधला ऑफ म्हणजे ‘बंद करून टाक’मधला ‘टाक’. तो क्रियापदाचा माणूस, म्हणून ‘इट’ खुशाल मध्ये येऊन बसतो. पुट अप विथमध्ये तर दोघेही आहेत: त्याच्याशी जुळवून घे. ‘घे’ म्हणजे अप, ‘शी’ म्हणजे विथ. तीन शब्दांचा बागुलबुवा संपला :-)

मराठी दरवेळी तारते असं नाही, हेही सांगायला हवं. आपण कुणा‘वर’ रागावतो म्हणून ‘अँग्री ऑन मी’ म्हणतो. कुणा‘शी’ लग्न करतो म्हणून ‘मॅरिड विथ’. एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’. (शेवटचं तर मोठमोठ्या पगाराची माणसंही बिनधास्त म्हणतात.) पण खड्डा कुठे आहे हे कळायलाही आपलाच रस्ता माहीत असावा लागतो ना?

आणि इथेच माझा मूळ आक्षेप आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. माझी पिढी पहिलीवाली. मग सेमी-इंग्लिश आलं, आणि आता तालुक्याच्या गावातूनही इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बस फिरतात. वर्षं वाढली, तास वाढले, पण इंग्रजीच्या तासाला मराठी म्हणजे गुन्हा ही समजूतही वाढली. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. ती माणसं फाडफाड बोलत नसतील, पण कुठला शब्द कशाला चिकटतो हे त्यांना ठाऊक होतं. खुद्द आपलं शालेय व्याकरणही या दोन भाषांच्या शेजारातूनच घडलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण काढलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. म्हणून तर शब्दांच्या आठ जाती दोन्हीकडे जवळपास सारख्या आहेत. शेजारी शेजारी ठेवायला बनवलेल्या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कपाटांत कोंडून ठेवल्या.

हे सगळं करायला नवीन अभ्यासक्रम लागत नाही. आठवीच्या वर्गात मराठीच्या बाईंनी ‘संयुक्त क्रियापद’ शिकवलं, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी फळ्याच्या एका बाजूला टाक, घे, बस, ठेव लिहावं आणि दुसऱ्या बाजूला अप, ऑफ, आउट, ऑन. जोड्या पोरं स्वतः लावतील. भांडतीलसुद्धा, कारण काही जोड्या लागणारच नाहीत.

असो. ‘गेट’ या शब्दाला मी मुद्दाम हात लावलेला नाही. गेट अप, गेट ओव्हर, गेट अलाँग, गेट अवे विथ.. तो एकटाच एक लेख खाऊन टाकेल. तो पुढच्या शनिवारी. तोवर ‘गेट बाय’ला चपखल मराठी जोड सुचला तर कळवा. माझा उमेदवार आहे ‘भागवून नेणे’, पण सांगलीकर रूममेटला तो मान्य नाही.