रस्त्याचें वळण

गेल्या कार्तिकांत एका नातलगाच्या लग्नासाठीं आमचें कुटुंब मोटारीनें परगांवीं निघालें होतें. मोटार आमचा थोरला पुतण्या हांकीत होता. त्याच्या शेजारीं मी, आणि मागें ती. मातोश्री, सौ. वहिनी व धाकटा पुतण्या अशी मंडळी होती. दुपारचें जेवण उरकून आम्ही एका नव्या, रुंद रस्त्यास लागलों. रस्ता कसला, दोरी धरून आंखलेली रेघच ती! खड्डा नाहीं, बैलगाडी नाहीं, डावीउजवीकडे झाडहि नाहीं. मागील मंडळी पेंगूं लागली. मलाहि डुलकी लागली. एकाएकीं डाव्या चाकांखालून खडखडाट झाला आणि मातोश्री ओरडल्या, "अरे बाळ, झोंपलास कीं काय?" पुतण्यानें दचकून मोटार सांवरली. कडेचा पांढरा पट्टा ओलांडून आम्ही मुरमावर गेलों होतों, आणि लोखंडी कठडा हातभर अंतरावर होता.

मोटार थांबवून पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आजी, डोळे उघडे होते ग माझे. पण गेल्या चारपांच किलोमीटरांत काय दिसलें, तें कांहींच आठवत नाहीं." त्याला रागें भरण्याचें धैर्य मला झालें नाहीं, कारण शेजारीं बसून मी काय करीत होतों, हें सर्वांस ठाऊक होतें.

पुढें सपाट माळावरच रस्त्यानें एक मोठें वळण घेतलें. तेव्हां धाकट्यानें विचारलें, "काका, दोन बिंदूंमधलें सर्वांत कमी अंतर सरळ रेषेनें होतें ना? मग येथें डोंगर नाहीं, नदी नाहीं, तरी रस्ता वांकडा कां?" त्या वेळीं मीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. घरीं आल्यावर मात्र थोडें वाचन केलें. त्याचें सार येथें देतों.

पुष्कळशीं वळणें भूमीच घ्यावयास लावते, हें खरें. खोपोली व खंडाळा यांच्या उंचींत सुमारें ५०० मीटरांचें अंतर आहे. दर २० मीटरांस १ मीटर असा सुसह्य चढ ठेवावयाचा, तर एवढें चढण्यास १० किलोमीटर रस्ता हवा. दोन्हीं गांवांमधील सरळ अंतर त्याहून पुष्कळ कमी. तेव्हां उरलेली लांबी डोंगराच्या कुशींतून नागमोडी फिरूनच मिळवावी लागते. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हांहि गणित हेंच होतें. नदीवरील पूल शक्य तों काटकोनांत घालतात, कारण तिरपा पूल लांब आणि म्हणून खर्चाचा. त्यासाठीं रस्ता अलीकडेच वळवावा लागतो. वस्ती, तलाव, दलदल यांनाहि वळसा घालावा लागतो.

पण उघड्या माळावरील वळणाचें काय? ह्या बाबतींत जर्मनीचा अनुभव बोधप्रद आहे. तेथें फ्रँकफुर्ट ते डार्मस्टाट हा केवळ मोटारींसाठीं बांधलेला मार्ग १९३५ सालीं खुला झाला. ह्या आरंभींच्या मार्गांत लांबच लांब सरळ पट्टे ठेवण्याकडे कल होता, कारण रेल्वेच्या आंखणीवर हात बसलेल्या अभियंत्यांची दृष्टि त्यांत होती. रेल्वेला सरळ रेषा मानवते. गाडीला रूळ धरून ठेवतात. मोटारीला चालविणाऱ्याच्या लक्षावांचून दुसरा आधार नाहीं. आल्विन झायफर्ट ह्या भूदृश्यरचनाकारानें सरळ रेषेविरुद्ध आवाज उठविला आणि रस्ता भूमीच्या घडणीप्रमाणें लांब, सौम्य वळणांनीं न्यावा असा आग्रह धरला. त्याचा भर मुख्यतः सौंदर्यावर होता. ती नाझी राजवट लयास गेली, पण हा विचार मागें राहिला. आणि १९५४ सालीं कास्पर, शुर्बा व लोरेन्झ ह्या त्रयीनें अशीं वळणें आंखण्याचीं कोष्टकें असलेला ग्रंथच प्रसिद्ध केला.

सौंदर्याहून मोठें कारण मनाचें आहे. सरळ रस्त्यावर दृष्टि क्षितिजावरील एकाच बिंदूवर खिळते. हातांस काम नसतें, डोळ्यांस नवें कांहीं दिसत नाहीं, आणि मन हळूच निघून जातें. ह्या अवस्थेस इंग्रजींत 'हायवे हिप्नॉसिस' म्हणतात. आपण मार्गसंमोहन म्हणूं. आमच्या पुतण्याचे उघडे डोळे आणि हरवलेले चारपांच किलोमीटर हें त्याचेंच लक्षण होय. सौम्य वळण आलें म्हणजे हात किंचित् हलवावे लागतात, देखावा बदलतो, मन ठिकाणावर येतें. शिवाय सरळ रस्त्यावर समोरून येणारें वाहन बराच वेळ एका ठिपक्यासारखें दिसतें. त्याचा वेग उमगत नाहीं. वळणावर त्याची बाजू दिसते व अंदाज बरा येतो. रात्रीं समोरच्या दिव्यांचा झोतहि सारखा डोळ्यांवर राहत नाहीं.

मात्र वळण कसेंहि देऊन भागत नाहीं. सरळ रेषेस एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला, तर चालविणाऱ्यास चक्र क्षणांत फिरवावें लागेल. म्हणून मध्यें असा वक्र घालतात कीं, त्याचा बांक थोडाथोडा वाढत जातो. त्यास 'क्लोथॉइड' हें नांव ग्रीक पुराणांतील सूत कांतणाऱ्या क्लोथो देवीवरून पडलें आहे. वळणाची बाहेरची कड उंच ठेवतात. आपल्याकडे सपाट मुलखांत हा उतार रुंदीच्या शेंकडा ७ पर्यंत असतो. वेगाचा हिशेब तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे. ताशीं ५० किलोमीटरांस सुमारें ९० मीटर त्रिज्येचें वळण पुरतें. ताशीं १०० ला ३६० मीटर लागतें. वेग दुप्पट, तर त्रिज्या चौपट!

यावरून वळणें जितकीं अधिक तितकें बरें, असें कोणीं समजूं नये. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटीं आलेलें तीव्र वळण सर्वांत घातक, कारण तोंवर वेगाचें भान सुटलेलें असतें. मनुष्यानें केवळ सरळच रस्ता केला अशींहि स्थळें आहेत. ऑस्ट्रेलियांत एअर महामार्गावर १४६ किलोमीटरांचा एक पट्टा अगदीं नाकासमोर जातो. तेव्हां सरळपणा निषिद्ध नव्हे. पण तेथें सावधपणाचा सारा भार चालविणाऱ्यावर पडतो. झोंपेवर तर कोणत्याहि वळणाचा उपाय चालत नाहीं. तिच्यावर औषध एकच, थांबून विश्रांति घेणें.

आपण मुलांना वळण लावतों म्हणजे त्यांस अडवीत नाहीं. पुढील धोका ओळखून आधींपासून हळूहळू दिशा देतों. चांगला आंखणारा रस्त्यासहि असेंच वळण लावतो, आणि तें इतकें बेमालूम असतें कीं, प्रवाशास त्याची आठवणहि राहत नाहीं.

हें सर्व घरांत वाचून दाखविल्यावर दर दोन तासांनीं मोटार थांबवावयाची, असा नियम ठरला. दुसरा नियम मातोश्रींनीं घातला: पुढें बसणाऱ्यानें झोंपावयाचें नाहीं. पुढच्या प्रवासाच्या वेळीं मीं मोटारीचें पुढचें दार उघडलें, तों त्या तेथें आधींच बसल्या होत्या. मीं निमूटपणें मागें जाऊन बसलों.