अकरा महिन्यांचे प्रशिक्षणार्थी

विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ मध्ये, महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' सुरू केली. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने. निवडणूक पार पडली, मुदत संपत आली, तरुणांनी आंदोलनाचा मार्ग धरला, तेव्हा २०२५ मध्ये पाच महिन्यांची वाढ त्यांच्या पदरात टाकण्यात आली. एकूण अकरा महिने! (घरमालकांना हाच आकडा का प्रिय असतो, हे शहरातील भाडेकरू कामगाराला सांगावे लागत नाही.) त्यानंतर हाती प्रमाणपत्र आणि घरचा रस्ता.

या योजनेचे खरे स्वरूप तिच्या अखेरीस उघडे पडते. प्रशिक्षण संपले, म्हणजे शिकणारा शिकून पुढच्या कामाला लागला, असा अर्थ व्हावयास हवा. येथे शिकणारा बाहेर गेला आणि काम जागच्या जागी राहिले. ग्रामपंचायतीतील दाखले, तहसील कचेरीतील नोंदी, जिल्हा परिषद शाळेतील वर्ग ही कामे सहा महिन्यांचीही नाहीत आणि अकरा महिन्यांचीही नाहीत. ती कायमची आहेत. मंजूर पद रिक्त ठेवावयाचे, त्या खुर्चीवर प्रशिक्षणार्थी बसवावयाचा आणि भरती पुढे ढकलावयाची, हा व्यवहार राज्यकर्त्यांना स्वस्तात पडतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर पदवीधराच्या वाट्याला रोजचे सुमारे ३८५ रुपये येतात, बारावी झालेल्याच्या वाट्याला २३०.

'प्रशिक्षणार्थी' हा शब्द निरागस नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे असे ठरवून त्याला कामगार कायद्यांच्या संरक्षणाबाहेर ठेवले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा सलग मानली जात असे. अकरा महिन्यांत हा आकडा सहज ओलांडला जातो; म्हणूनच राबणाऱ्याला कामगार म्हणावयाचे नाही, ही दक्षता.

केंद्राची चाल निराळी नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत 'इंटर्नशिप' देण्याची घोषणा झाली. दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० सरकारी तिजोरीतून. मक्तेदार भांडवलदारांच्या दारी वर्षभराचे श्रम जवळजवळ फुकट! पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या आसपास जागा जाहीर झाल्या. प्रत्यक्ष रुजू झालेले दहा हजारांच्याही आत होते. तरुणांनी आपला निकाल पायांनी दिला.

मुदत संपलेल्यांची 'सर्वांना कायम करा' ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु एवढ्यावर थांबणे आंदोलनाला घातक ठरेल. २००६ च्या उमादेवी निकालाने नियमित भरतीबाहेरच्या नेमणुकांना कायम होण्याचा हक्क नाकारला. तो निकाल श्रमिकांच्या विरोधात वापरला गेला हे खरे. तरी स्पर्धा परीक्षेसाठी वर्षानुवर्षे अभ्यास करणारा, आरक्षणाच्या जागेवर डोळे लावून बसलेला दुसरा बेकार तरुणही याच वर्गाचा आहे. या दोघांना एकमेकांवर घालणे सरकारला सोयीचेच आहे. मार्ग नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या शिकाऊ उमेदवारांच्या प्रकरणी, इतर बाबी समान असता प्रशिक्षित उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. त्या आधारे सर्व रिक्त पदांची जाहिरात, भरतीत अनुभवाचे गुण, वयोमर्यादेत सवलत आणि काम करवून घेतलेल्या काळासाठी किमान वेतन, ही मागणी दोघांनाही एका मोर्च्यात आणू शकते.

कायम कर्मचाऱ्यांच्या काही संघटना मात्र शेजारच्या टेबलावरील या मुलांकडे तटस्थपणे पाहत राहिल्या. त्यांना सभासदत्वही विचारले गेले नाही. तटस्थतेची ही सवय मोडण्याचे काम प्रथम या संघटनांतील पक्षसभासदांचे आहे. प्रत्येक तालुक्यात माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारता येतील: कार्यालयात मंजूर पदे किती, रिक्त किती, आणि प्रशिक्षणार्थी गेल्यानंतर त्यांचे काम आज कोण करतो.