आयपीएलच्या याद्या पाठ, जिल्ह्याच्या टीमची यादी कुणी वाचायची?

नोव्हेंबर आला की आपल्याकडं दिवाळीनंतरचा अजून एक सण सुरू होतो. रिटेन्शनचा सण. कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाच्या पर्समध्ये किती कोटी उरले, याचा हिशेब गंजगोलाईतल्या चहाच्या टपरीपासून वजिराबादच्या मोबाईलच्या दुकानापर्यंत सगळ्यांकडं तयार असतो. २०२५ च्या नोव्हेंबरात जडेजा चेन्नई सोडून राजस्थानला गेला अन् संजू सॅमसन चेन्नईला आला, तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरातलं माणूस बदलीवर गेल्यासारखी चर्चा चालली होती. एका टीमला जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी ८, हा नियम आठवीतल्या लेकराला सुद्धा तोंडपाठ आहे.

चांगलंय की. टीमचा नाद वाईट नसतो. पण आता एक साधा प्रश्न विचारतो. यंदा आपल्या जिल्ह्याच्या १६ वर्षांखालच्या टीममध्ये कोण कोण आहे? पंधरा नावं राहू द्या. एक नाव सांगा.

आलं का? बहुतेकांना नाही येणार. माझं आजचं म्हणणं एवढ्या एका गोष्टीवर आहे.

टीमच्या वस्तू जमवायचा नाद आपल्याकडं जुना आहे. आमच्या पिढीनं बिग फन बबलगम चघळून जबडे दुखवून घेतले ते गमसाठी नव्हे, सोबत निघणाऱ्या क्रिकेटपटूच्या चित्रासाठी. मागं रन नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या. एका कपिलच्या बदल्यात दोन भलतेच द्यावे लागायचे. संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’मधले फोटो कापून वहीत चिकटवलेले असायचे. पुढं टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ नावाची आयपीएलची कार्डं आली अन् शाळेच्या मधल्या सुट्टीत पुन्हा तोच बाजार भरला. आता जर्सीचा जमाना आहे. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला दोरीवर पिवळ्या, निळ्या, लाल जर्स्या लटकतात. पाठीवर नाव, नंबर, सगळं.

ही टॉप्स कंपनी मूळची अमेरिकेतली अन् मूळची बबलगमवालीच. तिथं बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचं केवढं वेड आहे बघा. १९५२ साली टॉप्सनं काढलेलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे तेव्हाच्या भावानं शंभर कोटी रुपयांच्या घरात. पुठ्ठ्याचा एक तुकडा! पण मला त्या शंभर कोटींपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथं छोट्या छोट्या गावांच्या, खालच्या लीगमधल्या टीमचेही कार्डांचे संच निघतात. पुढं कुठं पोचेल याचा पत्ता नसलेल्या पोराचं सुद्धा कार्ड असतं. पुढं फोटो, मागं आकडे. गावातला माणूस ते जपून ठेवतो, अन् पोरगं वर वर जाताना त्याचं नाव कुठल्या यादीत आलं, कुठल्या यादीतून गेलं, यावर डोळा ठेवतो. तिथलं वेड मोठ्या टीमपासून सुरू होऊन मोठ्या टीमवर संपत नाही. आपलं तेवढ्यावरच थांबतं.

आता आपली टीम कुठली ते बघू.

आयपीएलमध्ये आपल्याला जवळची म्हणावी अशी पुण्याची टीम दोनदा आली अन् दोनदा गेली. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३. मग रायझिंग पुणे २०१६ अन् २०१७, दोनच हंगाम. दुसऱ्या हंगामात फायनलला पोचली, मुंबईकडून एका रननं हरली अन् संपली. जर्सी घरात राहिली, टीम गेली. २०१६ तर लातूरकर विसरूच शकत नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. पुण्याची टीम विशाखापट्टणमला खेळायला गेली. निकाल योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण देशभराच्या क्रिकेटच्या बातम्यांत लातूरचं नाव इतक्या वेळा आलं ते पाणी नव्हतं म्हणून, याची खंत वाटते.

मग कागदोपत्री आपली टीम कोणती? रणजीतला महाराष्ट्र. एका राज्यात तीन रणजी टीम आहेत. मुंबई, विदर्भ अन् महाराष्ट्र. नांदेड-लातूर तिसऱ्यात. या टीमनं रणजी जिंकली ती १९३९-४० अन् १९४०-४१ ला. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणजे तोही आनंद आपला नव्हता. त्यानंतर परत नाही. २०१३-१४ ला वानखेडेवर मुंबईला हरवून पुढं गेले, फायनल हैदराबादला झाली, कर्नाटकनं ७ विकेटनं हरवलं. शेजारच्या विदर्भानं मात्र २०१७-१८, २०१८-१९ अन् २०२४-२५, तीन वेळा चषक नेला. विदर्भाची स्वतंत्र क्रिकेट संघटना आहे, मराठवाड्याची नाही, हा फरक आहेच. पण त्यावर दुसऱ्या दिवशी लिहीन. स्वतंत्र संघटना मिळेल तेव्हा मिळेल. जी टीम आज आहे तिच्यावर तरी आपला डोळा आहे का?

कारण माणसं आपल्याकडून जातात. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. दुसऱ्या डावात जिंकायला ५ रन हवे होते, तर या बॉलरला ओपनिंगला पाठवलं अन् त्यानं मॅच संपवली. कसोटी ती एकच मिळाली. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये १९ वर्षांखालच्या स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ केले, २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कॅप्टन होता. पैठणचा अंकित बावणे वर्षानुवर्षं रणजीत रन करतोय. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ च्या युवा विश्वचषकानंतर दीड कोटीला चेन्नईकडं गेला. बीडच्या सचिन धसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनीला युवा विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये ९६ केले, तेही ४ बाद ३२ अशी अवस्था असताना.

यातल्या किती जणांची नावं आपल्याला ते मोठ्या पडद्यावर यायच्या आधी माहीत होती? हंगर्गेकर पिवळ्या जर्सीत दिसला तेव्हा ‘आपला पोरगा’ झाला. नंतर तो ३० लाखाला लखनौकडं गेला, तेव्हा आपल्या ग्रुपवर चर्चा कमी झाली. म्हणजे आपण पोराच्या मागं नव्हतो, जर्सीच्या मागं होतो.

नांदेड अन् लातूरची नावं मी यात मुद्दाम घातली नाहीत. ती तुम्ही कमेंटमध्ये घाला. कुणी महाराष्ट्राकडून खेळलं, कुणी वयोगटात खेळलं, कुणी शिबिरापर्यंत जाऊन परत आलं. बघू आपल्याला मिळून किती आठवतात.

आता कुणी म्हणेल, खालच्या टीमची यादी वाचून काय मिळणार? मिळतं राव, अन् खेळणाऱ्या लेकरालाच मिळतं.

यादीत कोण येतं अन् कोण जातं यावर पोराचं आयुष्य ठरतं. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रेल्वेकडून खेळला, तिथं रणजी जिंकली, २००२ ला हेडिंग्लेच्या हिरव्या पिचवर ६८ रन काढून द्रविडसोबत उभा राहिला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे नागालँडकडून खेळायला गेली. तिथं २०२२ ला टी-ट्वेंटीत नाबाद १६२ ठोकले अन् त्याच वर्षी भारताकडून खेळली. या दोघांना दुसऱ्या टीमचं दार उघडं मिळालं. ज्यांना मिळालं नाही, ते आज कुठं आहेत, हे आपल्याला माहीत नाही. उलट बाजूनंही बघा. २०२५ ला मुंबईचा पृथ्वी शॉ अन् केरळकडून खेळणारा जलज सक्सेना महाराष्ट्राच्या टीममध्ये आले. शॉनं ऑक्टोबरात चंदीगडविरुद्ध द्विशतकही केलं. चांगले खेळाडू यावेत, टीम मजबूत व्हावी, माझी हरकत नाही. पण अकरात दोन बाहेरून आले की आतल्या दोघांची जागा जाते. त्या दोघांची नावं विचारणारा प्रेक्षक आपल्याकडं आहे का?

ज्या यादीवर कुणाचे डोळे नसतात, तिथं काहीही होऊ शकतं. मी कुणावर आरोप करत नाही. निवड करणारे प्रामाणिक असतील, तर उघड्यावर झालेली निवड त्यांनाही सोयीचीच. पण मुखेडच्या किंवा औशाच्या पोरानं चार मॅचमध्ये रन केले अन् पाचव्या यादीत त्याचं नाव नसलं, तर आज विचारायला त्याचा बाप एकटाच असतो. बापानं जास्त विचारलं तर पोराचं अजून नुकसान होईल, या भीतीनं तोही गप्प बसतो. त्याच्यासोबत दोनशे माणसं असती, ज्यांना त्या पोराचे रन माहीत आहेत, तर उत्तर द्यावं लागलं असतं.

अन् याद्या वाचणं आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. लातूर पॅटर्नचा जिल्हा आहे हा! नीटचा निकाल लागला की कुणाला किती मार्क, कुठला कटऑफ, कुणाला कुठलं कॉलेज, हे रिक्षावाला सुद्धा सांगतो. औसा रोडपासून नांदेडच्या श्यामनगरपर्यंत टॉपर लेकरांचे फोटो चौकाचौकात लागतात. तो होर्डिंग म्हणजे आपलं कार्डच की. पुढं फोटो, खाली आकडे. यादी जाहीर असते, मार्क जाहीर असतात, म्हणून गरिबाच्या पोराला भरवसा वाटतो की मार्क पडले तर नाव लागणारच. मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला अन् पोरीला हा भरवसा का नको?

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक. जिल्ह्याची कुठल्याही वयोगटाची टीम निवडली की त्याच दिवशी यादी जाहीर व्हावी. नाव, तालुका, क्लब अन् निवड चाचणीतली कामगिरी. बोर्डावरही अन् फेसबुकवरही. मुलींची सुद्धा.

दोन. प्रत्येक मॅचचा स्कोअर लोकांना दिसावा. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचा बॉल-टू-बॉल स्कोअर पोरं क्रिकहिरोजवर टाकतात. मग जिल्ह्याच्या लेदर बॉल मॅचचाही टाकता येतो. स्कोअर लिहायला बसणारं एक पोरगं अन् एक मोबाईल, एवढाच खर्च.

तीन. जुन्या वस्तू जपा. तुमच्या घरात, क्लबच्या खोलीत जुने टीमचे फोटो, स्कोअरबुकं, टोप्या, प्रमाणपत्रं पडलेली असतील. वाळवी लागायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा. जिल्हा क्रीडा संकुलात नाहीतर सार्वजनिक वाचनालयात एक काचेचं कपाट मागू. ज्या पोराला दिसतं की आपल्या गावचा माणूस तीस वर्षांपूर्वी इथून खेळला, त्याला मुंबई-पुणं जरा जवळ वाटतं.

चार. आपल्या टीमची कार्डं काढू. साहेबांच्या वाढदिवसाला चौकात जेवढे फ्लेक्स लागतात, त्यातल्या एकाच्या पैशात पंधरा पोरांची कार्डं छापून होतील. आईबापाला विचारून, त्यांची परवानगी घेऊनच. पुढं फोटो, मागं रन, विकेट अन् गावाचं नाव.

२०२३ ला एमपीएल सुरू झाली तेव्हा सहा टीम होत्या. मराठवाड्याच्या वाट्याला एक, छत्रपती संभाजी किंग्स. नांदेड-लातूरच्या नावाची एकही नाही. उद्या होईलही. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी स्टेडियम आहे, दोन्ही जिल्ह्यांत खेळणारी लेकरं आहेत. पुणं मात्र लातूरहून सव्वातीनशे अन् नांदेडहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्राची एखादी मॅच इकडं द्या, अशी मागणी करायची तर आधी दाखवावं लागेल की इथं त्या टीमला ओळखणारे लोक आहेत. ज्याला अकरातली तीन नावंही माहीत नाहीत, त्याची मागणी कोण मनावर घेईल?

आयपीएल बघा. जर्सी घ्या. ऑक्शनच्या दिवशी दुकान लवकर बंद करा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्या २५ नावांसोबत आपल्या जिल्ह्याची १५ नावं पण वाचा. पुढच्या निवड चाचणीची तारीख ज्याला कळेल त्यानं इथं टाकावी. जमेल तेवढे जण जाऊन बसू. नुसतं बसायचं, कोण कसं खेळतं ते बघायचं अन् वहीत लिहून ठेवायचं.