पंचांचा पावसाळा

जून उजाडतो, मृगाच्या सरी कोसळू लागतात आणि कोल्हापुरातील फुटबॉलचा हंगाम विसावतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ अशा संघांच्या लढती रंगतात आणि पेठापेठांतील ईर्ष्या प्रेक्षकांच्या घोषणांतून मैदानावर उतरते. पावसाळ्यात ही सारी चर्चा तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसते. कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, कोणाचा गुडघा बरा झाला, याचा ऊहापोह होतो. या ऊहापोहात एका माणसाची आठवण सहसा कोणी काढत नाही. तो माणूस म्हणजे पंच.

पंच हंगामाबाहेरचे महिने कसे घालवतो, हा प्रश्न आरोग्यविषयक सदरात कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु घरातील ज्येष्ठ आणि त्यांची शुश्रूषा करणारे, या दोघांनाही उपयोगी पडेल असे काही या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

प्रथम पंचाच्या कामाचे स्वरूप पाहू. व्यावसायिक दर्जाच्या ९० मिनिटांच्या फुटबॉल सामन्यात मुख्य पंच सुमारे १० किलोमीटर अंतर कापतो. खेळाडूला बदली मिळू शकते, एखादा क्षण तो मागे रेंगाळू शकतो. पंचाला चेंडूपासून नजर ढळू देता येत नाही. पाय, डोळे, कान आणि मन ही चारही साधने त्याला एकाच वेळी जागी ठेवावी लागतात. शिवाय बहुतेक स्थानिक पंचांचा चरितार्थ शिट्टीवर चालत नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून ते मैदानावर उभे राहतात.

अमेरिकेतील बेसबॉलच्या पंचांची स्थितीही पाहण्याजोगी आहे. तेथील प्रमुख स्पर्धेत प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत १६२ सामने खेळतो. खेळाडूला निदान अर्धे सामने आपल्या गावी खेळायला मिळतात; पंचाला स्वतःचे मैदान नसते, त्यामुळे तो हंगामभर या शहरातून त्या शहरात फिरत राहतो. फलंदाजाच्या मागे उभा राहणारा पंच प्रत्येक फेकीला गुडघे वाकवून ओणवा होतो आणि एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून अशा सुमारे ३०० फेकी होतात. सुमारे १८ मीटरवरून येणाऱ्या चेंडूचा निर्णय त्याला क्षणार्धात द्यायचा असतो. म्हणून हंगाम संपल्यावर अशा पंचाला आधी कुटुंबाचा सहवास आणि मनमुराद विश्रांती हवी असते. मात्र ती विश्रांती वसंतापर्यंत लांबली, तर पुढच्या हंगामात गुडघे आणि कंबर साथ देत नाहीत. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ यांचे बळ राखण्याचे काम हिवाळ्यातच करावे लागते.

येथे विश्रांतीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक विश्रांती शीण घालवते आणि दुसरी शक्तीच घालवते. पहिली काही दिवसांची असते. दुसरीला शेवट नसतो.

आपल्या घरांतील ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा ही दुसरी विश्रांती येते, आणि ती येते प्रेमापोटी. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणतो.’ ‘आई, आता पुरे झाले, पडून राहा.’ पावसाळ्यात तर या प्रेमाला कारणही मिळते. बाहेर निसरडे आहे, रंकाळ्यावरचे फिरणे बंद आहे, सर्दी होईल. चार महिने खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये जातात आणि दसऱ्याला घर सोडून देवळापर्यंत जायची वेळ आली, की पाय लटपटतात. घरचे म्हणतात, वय झाले. खरे पाहता वयाइतकाच दोष त्या चार महिन्यांचाही असतो.

याचा पुरावा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंसह मेदविरहित वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले. तरुणाचे गेलेले बळ लवकर भरून निघते. सत्तरीत ते परत मिळवण्यास फार कष्ट पडतात. म्हणून ते जाऊच न देणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

त्यासाठी पंचांकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल पंचांच्या शारीरिक चाचणीत ७५ मीटर धाव आणि लगेच २५ मीटर चाल, अशी ४० आवर्तने पूर्ण करावी लागतात. धावणे अर्थातच आपल्यासाठी नाही. परंतु श्रमाच्या पोटातच विश्रांती ठेवण्याची ही रीत कोणत्याही वयाला मानवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. १५० हा आकडा मोठा वाटतो. पण दहा मिनिटे चालणे, मग बसणे, असे दिवसातून दोन-तीन वेळा केले, की तो सहज गाठता येतो. बाहेर पाऊस असेल, तर घरातील सोप्यात किंवा गॅलरीत फेऱ्या माराव्यात.

बळ आणि तोल यांसाठी तीन साधे प्रकार पुरेसे आहेत. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हातांचा आधार शक्य तितका कमी घेत सावकाश आठ-दहा वेळा उठावे-बसावे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे आणि हळूच खाली यावे. भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे पाऊल जुळवत दहा पावले चालावे. त्या वेळी जवळ कोणीतरी असावे. व्यायाम करताना श्वास रोखू नये. छातीत दुखणे, चक्कर, धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्वरित थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयविकार असलेल्यांनी, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा पूर्वी पडलेल्यांनी आरंभीच डॉक्टरांना विचारावे. स्नायूंना प्रथिनेही लागतात. उसळ, आमटी, दूध, ताक, अंडी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे.

पायांइतकेच महत्त्व डोळ्यांना आणि कानांना आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी दृष्टी तपासून घेणे हे पंचाला क्रमप्राप्तच असते. ज्येष्ठांनीही वर्षातून एकदा डोळे तपासावेत. मधुमेह असल्यास नेत्रपटलाची तपासणी टाळू नये. मोतीबिंदूमुळे ओली फरशी आणि कोरडी फरशी यांतील फरक दिसेनासा होतो आणि पावसाळ्यातील पडण्याचे ते एक कारण ठरते. ऐकू कमी येणे ही तर लपवण्याची गोष्ट नव्हेच. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो. उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या जोखमीच्या कारणांपैकी एक मानला जातो.

आता मनाविषयी. फुटबॉलच्या नियमांतील वार्षिक बदल १ जुलैपासून लागू होतात. म्हणजे कोल्हापूरच्या पंचाची पाटी ऐन पावसाळ्यात पुसली जाऊन पुन्हा लिहिली जाते. उदाहरणार्थ, गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांहून अधिक काळ धरल्यास प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक मिळत असे. २०२५ पासून ही मर्यादा आठ सेकंद झाली आणि शिक्षा म्हणून कॉर्नर किक आली. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले विसरून नवे शिकणे मेंदूला सोपे नसते. म्हणूनच ते हितकारक असते. आपल्यापैकी कोणी या पावसाळ्यात नातवाकडून मोबाइलवर पैसे पाठवण्यास शिकावे, कोणी मोडी लिपी गिरवावी, कोणी नवा राग ऐकावा. जुन्या आठवणी उगाळण्यापेक्षा नव्या गोष्टीत चुकणे बरे.

येथवरचे सारे ज्येष्ठांसाठी झाले. परंतु पंचाशी अधिक जवळचे नाते आहे ते शुश्रूषा करणाऱ्याचे. पंचाने सामना उत्तम पार पाडला, तर त्याचे नाव कोणी काढत नाही. एक निर्णय चुकला, की सारे मैदान त्याच्यावर उसळते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे औषध वर्षभर वेळेवर देणाऱ्या सुनेची, किंवा वडिलांना रात्री तीन वेळा उठवणाऱ्या मुलाची स्थिती याहून वेगळी नसते. वेळेवर दिलेल्या हजार गोळ्या कोणी मोजत नाही; चुकलेली एक गोळी सर्व नातेवाइकांना समजते. आणि पंचाला निदान पावसाळा तरी मिळतो. शुश्रूषा करणाऱ्याचा हंगाम मात्र संपतच नाही. पाठदुखी, अपुरी झोप, विनाकारण येणारा संताप आणि त्यानंतरची अपराधी भावना ही त्या अखंड हंगामाची लक्षणे होत. ती स्वभावाची खोट नव्हे.

मोठ्या फुटबॉल सामन्यात मैदानाबाहेर एक चौथा पंच तयार उभा असतो. आतील पंचांपैकी एखाद्याला पुढे काम करणे अशक्य झाले, तर सामना खोळंबू नये म्हणून ही योजना असते. प्रत्येक घराने आपला चौथा पंच आधीच ठरवून ठेवावा. तो भाऊ असेल, नणंद असेल, शेजारच्या काकू असतील किंवा पगारी सेविका असेल. औषधांच्या वेळा, पथ्य, डॉक्टरांचा क्रमांक आणि रुग्णाच्या सवयी एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवावा. आठवड्यातून अर्धा दिवस आणि वर्षातून काही सलग दिवस ही जबाबदारी त्या व्यक्तीने घ्यावी. परगावी असणाऱ्या भावंडांनी दूरध्वनीवरून सूचना देण्याऐवजी ते दिवस स्वतःकडे घ्यावेत. ही मदत मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. थकलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका शेवटी रुग्णालाच भोगाव्या लागतात.

तेव्हा वाचकहो, येत्या पंधरवड्यासाठी दोन कामे. ज्येष्ठांनी आजच खुर्चीतून किती वेळा विनासायास उठता येते ते मोजून दिनदर्शिकेवर लिहावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी त्याच दिनदर्शिकेवर आपल्या सुट्टीचा अर्धा दिवस ठरवावा आणि त्याखाली त्या दिवशी काम पाहणाऱ्याचे नाव लिहावे. नाव लिहिल्याखेरीज सुट्टी मिळत नाही, असा अनुभव आहे.