चंद्राला भरवणारी बाई

चित्रात चंद्र काढणे सोपे आहे; त्या चंद्राखाली माणूस बसवणे अवघड. एखादी व्यक्तिरेखा रंगवायची म्हटली की हल्ली आपल्यापैकी पुष्कळ जण आधी चिन्हांची जमवाजमव करतात. एक चंद्रकोर, एक घुबड, अर्धा मुखवटा, मागे काळोख आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी एक चेहरा. अर्थ विचारावा तर 'चंद्र म्हणजे गूढ मन' असे ठरलेले उत्तर मिळते. अशा चित्रांना माझा विरोध आहे. चिन्ह माणसाच्या अंगावर दागिन्यासारखे घालता येत नाही, त्या माणसाला त्याच्याशी काहीतरी करावे लागते, असे माझे मत आहे.

ही चिन्हे बहुधा टॅरोच्या पत्त्यांवरून उचललेली असतात, म्हणून त्यांच्याकडेच पाहू. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत निघाले ते खेळण्यासाठी; त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फोफावली. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या संचात चंद्राच्या पत्त्यावर एक बाई उभी आहे आणि तिने चंद्रकोर चक्क हातात धरली आहे. आज सर्वांच्या परिचयाचा पत्ता मात्र वेगळा. तो १९०९ साली लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला. ७८ पत्त्यांपैकी हा अठरा क्रमांकाचा. त्यावर कुत्रा आहे, लांडगा आहे, तळ्यातून वर येणारा खेकड्यासारखा जीव आहे, दोन बुरूज आहेत आणि त्यांच्यामधून डोंगराकडे गेलेली वाट आहे. माणूस नाही. (जाता जाता सांगतो, हा संच प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने जगभर गाजला. सगळी चित्रे जिने काढली तिला एकरकमी थोडके पैसे मिळाले, आणि तिची खूण उरली ती पत्त्यांवरच्या बारीक सहीत.)

चित्रकाराला या पत्त्याचा उपयोग असेल तर त्या रिकाम्या वाटेचा. तिथून कोण जाणार, ते त्याने सांगायचे.

स्पेनमध्ये जन्मलेली रेमेदिओस व्हारो १९४१ साली युद्धाच्या धामधुमीत युरोप सोडून मेक्सिकोत आली आणि १९६३ मध्ये तिथेच वारली. टॅरो तिला चांगला ठाऊक होता. तिचे १९५८ सालचे एक चित्र आहे. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ साधारण 'ताऱ्यांची पेज' असा होईल. ते चंद्राच्या पत्त्यावरून काढले असे मी म्हणत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. बुरुजासारख्या उंच खोलीत एक बाई एकटी बसली आहे. छपरातून आलेल्या नळीतून ताऱ्यांचा चुरा खाली उतरतो आहे. एका हाताने ती यंत्राचा दांडा फिरवून तो दळते, आणि दुसऱ्या हातातल्या चमच्याने पिंजऱ्यातल्या चंद्रकोरीला भरवते. चंद्र अशक्त आहे. बाईच्या चेहऱ्यावर ना भक्ती, ना भीती.

मी हे चित्र छापील पानावर पाहिले. ते समजायला मानसशास्त्राचे ग्रंथ वाचावे लागतात असे एकाने मला सांगितले होते. सुट्टीत ते पान मी घरी नेले. आमच्याकडे उन्हाळ्यात बाजेला शेवयांचे यंत्र बसवतात, तेच आईला त्यात दिसले. आई शाळेत गेलेली नाही. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "दमलीय रं ही. हिला हातभार लावायला कुणी न्हाई का?" व्हारोने चंद्र काढला आणि आईने बाई पाहिली. व्यक्तिचित्रणाची याहून वेगळी परीक्षा मला तरी माहीत नाही, आणि अशा चित्रांची किल्ली फक्त शिकलेल्यांच्या खिशात असते हेही मला मान्य नाही.

आता आपल्या चंद्राविषयी. वेट यांच्या पुस्तकात चंद्राच्या पत्त्याचे अर्थ छुपे शत्रू, धोका, फसवणूक असे दिले आहेत. आपल्याकडे तो मुलांचा मामा! त्याच्यावर ससा बसतो. जातककथेत त्या सशाने पाहुण्यासाठी आगीत उडी घेतली म्हणून शक्राने त्याची आकृती चंद्रावर काढली. गंमत म्हणजे मेक्सिकोतही चंद्रावर ससाच आहे, पण तो देवांनी चंद्राचे तेज कमी करण्यासाठी त्याच्या तोंडावर फेकलेला. तेव्हा परक्या पत्त्याचा अर्थ आपल्या चंद्रावर जसाच्या तसा चिकटवला तर चित्र खोटे पडणारच.

मात्र वर्षातून एक रात्र आपला चंद्रही वेटच्या चंद्राजवळ जातो. गणेशचतुर्थीला तो पाहिला तर चोरीचा आळ येतो. स्यमंतक मण्यापायी तो खुद्द कृष्णालाही चुकला नाही. त्या रात्री अंगण ओलांडणारी बाई मला चित्रात हवी आहे. मान खाली, कमरेवर हंडा, आणि पाण्यात चंद्र दिसू नये म्हणून हंड्यावर ओढलेला पदर. चंद्र काढण्याची गरजच नाही. आपल्यापैकी कुणी हे चित्र काढणार असेल तर समोर उभी राहायला माझी चुलती तयार आहे. फक्त तिला फार वेळ वाकवून ठेवू नये, तिची मान धरते.