चार फुटांची काच आणि मरळ

मंडळी, आज जरा भांडायलाच बसले आहे. भांडण सख्ख्या भाच्याशी आहे. तो हे वाचणार, त्याची आई तर नक्कीच वाचणार. वाचू देत. त्याच्या तोंडावर जे बोलले तेच इथं लिहिते आहे.

भाचा चाकणला एका कंपनीत आहे, इथं तळेगाव स्टेशनला त्याने फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेले तर हॉलमध्ये सोफ्यासमोर काचेची टाकी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मला वाटलं असतील चार गोल्डफिश, मुलांना गंमत. जवळ जाऊन पाहते तर आत एकच मासा. काळपट, वीतभर, सापासारखं डोकं, कोपऱ्यात निश्चल. मी म्हटलं, "अरे, हा तर मरळ!"

"मरळ नाही गं आत्या, चन्ना."

आता चन्ना हे मरळाचंच शास्त्रातलं नाव. पण बाजारात मरळ म्हटलं की मासा किलोवर जातो आणि चन्ना म्हटलं की नगावर. एवढाच काय तो फरक.

आधीच सांगते, हा भूतदयेचा लेख नाही. मी मासे खाते. मरळाचं कालवण आमच्याकडे बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला आवर्जून करतात आणि मलाही ते फार आवडतं. जाळं टाकून मोठा मरळ धरणारा, तो विकून घर चालवणारा भोई माझ्या दृष्टीने काही चूक करत नाही. माझा राग आहे तो दोन इंचाचं पिल्लू "दिसायला भारी" म्हणून आणून, पुढची आठ-दहा वर्षं त्याला काचेत उभं करणाऱ्या हौसेवर.

पहिली थाप दुकानात मारली जाते: "मासा टाकीच्या मापानं वाढतो." इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकं सोयीस्कर विज्ञान कुठल्याही पुस्तकात पाहिलं नाही. कोंडलेल्या माशाची वाढ खुंटते ती त्याच्याच घाणीने खराब झालेल्या पाण्यामुळे आणि कोंडमाऱ्यामुळे. म्हणजे तो आजारी असतो. मोकळ्या पाण्यात मोठा मरळ मीटरभर होतो, कधी त्याच्याही वर जातो. भाच्याच्या टाकीची रुंदी 45 सेंटिमीटर. मीटरभराच्या माशाने त्यात वळायचं कसं, एवढंच मी विचारलं. इंजिनिअर आहे, गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. गप्प बसला. मग म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." टाकीत पाणी बसतं जेमतेम अडीचशे लिटर. त्यात रोज कोळंबीचे तुकडे, कोंबडीचं काळीज आणि रविवारी "शिकार बघायला" जिवंत गप्पी. पाहुणे आले की हा खेळ हमखास. मला तो पाहवला नाही, मी चहा घेऊन गॅलरीत गेले.

मरळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. हा मासा वरची हवा घेऊन जगतो. कल्ल्यांच्या वर त्याला हवेसाठी वेगळी पोकळी असते. पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेता आला नाही तर तो पाण्यातच गुदमरतो. त्यातून पट्टीचा उडी मारणारा. पावसाळ्यात ओल्या बांधावरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जातो. म्हणजे झाकण घट्ट बसवलं आणि पाणी काठोकाठ भरलं तर गुदमरणार, झाकण उघडं ठेवलं तर सकाळी सोफ्याखाली सापडणार. असा प्राणी हॉलमध्ये ठेवण्यासाठी नाही, हे कळायला काय डॉक्टरेट लागते?

आणि ही पिल्लं येतात कुठून? कारखान्यात तर होत नाहीत. मरळाची जोडी गवतात जागा साफ करते, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि नर-मादी दोघं मिळून राखण करतात. पिल्लं फुटली की लालसर पुंजका होऊन पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, खाली आई-बाप. मावळात शिकवत असताना एका पावसाळ्यात एक मुलगा असाच पुंजका बरणीत भरून वर्गात घेऊन आला होता. मी त्याला शाबासकी दिली, फळ्यावर चित्र काढलं, मुलांना बरणीभोवती बसवलं. दुसऱ्या दिवशी सगळी पिल्लं मेलेली. मुलगा म्हणाला, "बाई, ती मोठी मासळी माझ्या पायाला चावायला आली होती." मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. काही बोललेच नसेन. आता तोच पुंजका जाळीने उचलून, पिशवीत ऑक्सिजन भरून शहरात येतो. त्या मुलाला मी शाबासकी दिली होती, म्हणून भाच्याला बोलायचा माझा अधिकार थोडा कमीच आहे. तरी बोलते.

भाच्याचा हुकमी एक्का पुढचा. "आत्या, तुझ्या इंद्रायणीपेक्षा माझं पाणी स्वच्छ आहे. फिल्टर आहे, दर आठवड्याला पाणी बदलतो. नदीत असता तर मेला असता."

इथं मी अडखळले हे कबूल करते. कारण तो खोटं बोलत नव्हता. लोणावळ्याजवळ उगम पावणारी ही नदी कामशेतवरून आपल्या इंदोरीपर्यंत येते, कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांतून उसळते (15 जून 2025 ला पूल कोसळून चार माणसं गेली तेव्हा साऱ्या राज्याला नाव कळलं तोच कुंडमळा), आणि देहू ओलांडून आळंदीला पोचेपर्यंत तिच्यावर फेस आलेला असतो. वारीच्या तोंडावर त्या फेसाचे फोटो पेपरात येतात. देहूच्या डोहातल्या ज्या माशांना पिढ्यान् पिढ्या देवाचे म्हणून कुणी हात लावला नाही, त्यांचाही खच काठाला लागल्याचं वाचलं आहे.

पण म्हणून काय? घर गळतंय म्हणून एका मुलाला उचलून कपाटात ठेवायचं? भाच्याची टाकी एक मासा "वाचवते" आणि त्यासाठी पुंजक्यातली किती पिल्लं पिशवीत मरतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. नदी घाण करण्यात आपल्या सोसायट्यांचं सांडपाणी आणि या पट्ट्यातले कारखाने आहेत. त्यावर ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत जाऊन ओरडायचं सोडून आम्ही हॉलमध्ये पंप लावतो.

आता त्याने नवीन काढलंय. त्याला मरळाच्या जोडीला खुदरी, म्हणजे महसीरचं पिल्लू हवंय. "आपला देशी मासा, आत्या, अभिमान वाटायला पाहिजे." अरे बाबा, कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने 1839 मध्ये या माशाचं वर्णन केलं ते आपल्याच मुळा-मुठेच्या माशांवरून, आणि नावही आपल्या लोकांच्या तोंडचंच ठेवलं. वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवतात. अभिमान जरूर बाळग. पण हा खळाळत्या पाण्यात प्रवाहाच्या उलट धावणारा मासा, त्याला अडीचशे लिटरमध्ये काय धावायचं आहे?

"मोठा झाला की देहूला नेऊन सोडीन. पुण्यच आहे."

इथं मात्र माझा आवाज चढला. काचेत वाढलेल्या माशाबरोबर टाकीतले रोगही नदीत जातात. शिवाय परका मासा सोडला तर काय होतं ते जगाने पाहिलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या तळ्यांत आपल्या मरळाच्या घराण्यातला मासा 2000 साली सापडला, तो आजतागायत तिथं ठाण मांडून आहे. 2002 मध्ये त्यांनी या सगळ्या कुळाची आयातच बंद केली. आणि परदेशात कशाला जायचं? आपलाच लोणावळ्याचा खुदरी चांगल्या हेतूने कावेरीत सोडला गेला. तो तिथं असा फोफावला की कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे पडत गेला. 2018 मध्ये त्या बिचाऱ्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. जाणत्या लोकांकडून हे होतं, तर हा बादली घेऊन स्कूटरवर निघालेला पुण्यवान काय करील!

मग मी म्हटलं, त्यापेक्षा कालवण कर. सूनबाईंनी कानावर हात ठेवले, नातू रडायला लागला. खरं तर तेही करता येत नाही, टाकीत नाही नाही ती निळी-हिरवी औषधं घातली आहेत. म्हणजे खाता येत नाही, सोडता येत नाही आणि ठेवायला जागा नाही.

काचेत मासे पाळूच नयेत असं माझं म्हणणं नाही. बोटभर राहणारे, थव्याने फिरणारे मासे, नीट पैदास केलेले, खुशाल पाळा. मीही बघत बसेन. मीटरभर होणारा शिकारी मात्र नको.

शेवटी माझ्या धाकट्या दिराच्या शेतावरचा जुना सिमेंटचा हौद आठवला. मावळातच आहे, वीस बाय दहाचा, अंगावर कंबरभर पाणी. वर जाळी ठोकायची आणि पाणी जाळीच्या खाली हातभर ठेवायचं. दीर तयार आहेत. भाच्याने "बघतो" म्हटलंय. महसीरचं पिल्लू आणणं सध्या थांबवलंय, असं सूनबाई फोनवर हळूच म्हणाल्या.

तुमच्यापैकी कुणाकडे चांगली लोखंडी जाळी, दहा बाय वीस फुटांची, पडून असेल तर कळवा. गाडीभाडं आम्ही देऊ.